अ‍ॅक्सल बुटाचा क्लॅम्प: कोणता घ्यायचा आणि घरी कसा बसवायचा?

गाडी धुताना पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर किंवा सस्पेन्शनच्या दांड्यावर काळ्या, चिकट ग्रीसचे शिंतोडे दिसले तर समजायचं की अ‍ॅक्सलच्या बुटातून ग्रीस बाहेर पडतंय. गॅरेजमध्ये दाखवलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, 'बूट गेलाय, अ‍ॅक्सल खोलावा लागेल.' कित्येकदा ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा रबर शाबूत असतं आणि फक्त त्याला आवळून धरणारा क्लॅम्प सैल झालेला, गंजून तुटलेला किंवा सरकलेला असतो. अशा वेळी अ‍ॅक्सल न काढता, चाक उतरवून, घरच्या पार्किंगमध्ये नवा क्लॅम्प बसवता येतो.

यात खरा पैशांचा प्रश्न क्लॅम्पचा नाही. क्लॅम्प ही त्या सगळ्या जुळणीतली सर्वात स्वस्त वस्तू. ती गेली की ग्रीस जातं, ग्रीसच्या जागी पाणी आणि माती येते, आणि मग आतला जॉइंट खराब होतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पावसाळ्यात हे सगळं एका महिन्यातसुद्धा होऊ शकतं.

बूट आणि क्लॅम्प कशासाठी असतात

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकापर्यंत एक शाफ्ट जातो. आपल्याकडे त्याला सरसकट अ‍ॅक्सल म्हणतात. चाक खड्ड्यात खाली-वर होतं, स्टिअरिंगबरोबर वळतं, आणि तरीही त्याला न थांबता फिरवत राहायचं असतं. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात. सीव्ही म्हणजे समान वेगाचा. जॉइंट कितीही वाकलेला असला तरी एका बाजूला जेवढा वेग तेवढाच दुसऱ्या बाजूला मिळतो, झटके बसत नाहीत.

चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात. ही रचना आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने 1920 च्या दशकात केली. 1959 साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीत ती वापरली गेली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये बहुधा तीन रोलर असतात. तो थोडाच वाकतो, पण आत-बाहेर सरकतो, कारण सस्पेन्शन हललं की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते.

आपल्याकडे हा विषय घराघरात आला तो 1983 च्या मारुती 800 पासून. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या, मागचा अ‍ॅक्सल सरळ आणि बंद घरातला, त्यामुळे असे रबरी बूट तिथे नव्हतेच. आजही ओम्नी, ईको, बोलेरो यांसारख्या गाड्यांच्या मागे सरळ अ‍ॅक्सल आहे, तेव्हा साध्या टू व्हील ड्राइव्ह गाडीत हा लेख लागू होत नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र लागू होतो. इंजिन गेलं, पण मोटरपासून चाकापर्यंत जाणारे शाफ्ट, जॉइंट आणि बूट तिथेही तसेच आहेत.

आता क्लॅम्पवर किती ताण येतो ते पाहू. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.8 मीटर असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाला चाक, आणि त्याबरोबर बूट, सेकंदाला सुमारे 12 फेऱ्या मारतो. बुटाच्या मोठ्या तोंडाशी, म्हणजे मध्यापासून 4 सेंटिमीटरवर, ग्रीसचा प्रत्येक कण त्याच्या वजनाच्या जवळपास 24 पट जोराने बाहेर ढकलला जात असतो. त्यातच बूट दर फेरीला एका बाजूने दाबला आणि दुसऱ्या बाजूने ताणला जातो. कड जराशी सैल असेल तर ग्रीस तिथून वाट काढणारच.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बूट श्वास घेतो. जॉइंट चालून गरम होतो, आतली हवा फुगते. मग गाडी साचलेल्या पाण्यातून गेली की तो एकदम थंड होतो आणि हवा आकसते. क्लॅम्प ढिला असेल तर ते चिखलाचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून बाहेर फारसं ग्रीस दिसत नाही आणि तरीही जॉइंट आतून गंजलेला, असं होऊ शकतं. लहान तोंडाचा क्लॅम्प सैल असताना हे जास्त होतं, कारण तिथून ग्रीस कमी उडतं पण पाणी शिरतं.

आधी पाहा: काम खरंच क्लॅम्पचं आहे का?

चाक काढा, बूट फडक्याने कोरडा पुसा आणि प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहा. टॉर्च हवाच. भेगा बहुतेक घडीच्या तळाशी असतात, वरून दिसत नाहीत. शाफ्ट हाताने फिरवत पूर्ण घेर तपासा. एकही आरपार भेग दिसली तर क्लॅम्पचा प्रश्न संपला, बूटच बदलायचा. त्यावर रबराचं सोल्यूशन, टेप, सिलिकॉन काहीही टिकत नाही.

बूट चांगला असेल तर ग्रीस पाहा. कडेतून थोडं ग्रीस बोटावर घ्या आणि दोन बोटांत चोळा. काळं आणि गुळगुळीत असेल तर ठीक. मॉलिब्डेनमचं ग्रीस मुळातच काळं असतं, त्याला घाबरू नका. वाळूसारखं खरखरीत लागलं, किंवा दुधाळ, करडं दिसलं, तर माती किंवा पाणी आत गेलेलं आहे. तेव्हा नुसता क्लॅम्प बसवणं म्हणजे ती घाण आत कोंडून ठेवणं. जॉइंट खोलून धुवायला हवा आणि ते काम अ‍ॅक्सल काढूनच होतं.

तिसरी खूण आवाजाची. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू चालवा. 'टक टक टक' असा ठेक्यात आवाज आला तर बाहेरच्या जॉइंटच्या गोळ्या आणि खाचा झिजल्यात. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत असेल आणि अ‍ॅक्सलरेटर सोडल्यावर थांबत असेल तर संशय आतल्या जॉइंटवर. या अवस्थेत नवा क्लॅम्प लावून आवाज जात नाही.

म्हणजे घरी करण्यासारखं काम एवढंच: बूट अखंड, ग्रीस स्वच्छ, आवाज नाही, फक्त क्लॅम्प सैल किंवा गायब. यातलं एक जरी जुळत नसेल तर गॅरेज गाठा. अ‍ॅक्सल काढायचा म्हणजे हबचा प्रचंड घट्ट नट, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि गिअरबॉक्समधून येणारं तेल हे सगळं आलं, आणि ते रस्त्याच्या कडेला करायचं काम नाही.

कोणता क्लॅम्प आणायचा

दुकानात गेल्यावर 'बुटाची क्लिप द्या' एवढं म्हणून चालत नाही, कारण काउंटरवर चार वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या जातील.

पहिला कानवाला क्लॅम्प. स्टीलची पातळ पट्टी, तिच्यावर वर उचललेला उंचवटा, म्हणजे कान. तो पक्कडीने दाबला की पट्टी आवळली जाते. स्वित्झर्लंडच्या ओटिकर कंपनीच्या नावानेही हा ओळखला जातो. याचे दोन प्रकार आहेत आणि इथेच लोक फसतात. एक अखंड रिंग असते. ती शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय चढवताच येत नाही. दुसरा उघडा असतो, त्याला एका टोकाला छोटे हूक आणि दुसऱ्याला भोकं असतात. तो शाफ्टभोवती गुंडाळून हूक अडकवता येतो. घरच्या कामाला हा दुसरा हवा. दुकानदाराला पट्टी उघडून दाखवायला सांगा.

दुसरा बिनकानाचा, चपटा क्लॅम्प. यात हूक एकमेकांत अडकून बसतात आणि वर काही उंचवटा राहत नाही. जिथे आजूबाजूला जागा कमी तिथे कंपनी हाच देते. त्याला वेगळ्या तोंडाची खास पक्कड लागते. तुमच्या गाडीत मुळात हा असेल तर त्या जागी कानवाला बसेल असं गृहीत धरू नका, कान नकलला घासू शकतो.

तिसरा शेपटीचा पट्टा. लांब पट्टी बकलमधून ओढायची, दुमडायची, उरलेली कापायची. कुठल्याही मापाला चालतो, पण ओढायचं हत्यार नसेल तर हाताने पुरेसा ताण येत नाही. हा वापरलाच तर एक नियम पाळा: गाडी पुढे जाताना शाफ्ट ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेला शेपूट दुमडलेलं हवं. नाहीतर लागलेला चिखल आणि काड्या ते हळूहळू उघडतात.

चौथी, स्क्रूची होज क्लिप, रेडिएटरच्या पाइपला असते तीच. बऱ्याच गॅरेजमध्ये सर्रास लावतात. मला ती इथे पटत नाही. स्क्रूच्या डब्याखाली दाब सारखा पडत नाही, तिथेच कडेतून ग्रीस झिरपतं. शिवाय तो डबा बाहेर आलेला असतो आणि शाफ्ट फिरताना शेजारच्या भागाला, नाहीतर एबीएसच्या वायरला लागू शकतो. पाइप फिरत नाही, हा शाफ्ट फिरतो, एवढाच फरक आहे पण तो मोठा आहे.

माप काढायला व्हर्नियर लागत नाही. बुटाच्या कडेवर क्लॅम्प बसतो त्या खाचेत दोरा एकदा गुंडाळा, खूण करा, मोजपट्टीवर धरा आणि 3.14 ने भागा. दोरा 250 मिलिमीटर भरला तर व्यास साधारण 80, आणि 85 भरला तर 27 मिलिमीटर. क्लॅम्पवर किंवा पाकिटावर मापाची रेंज लिहिलेली असते. तुमचं माप त्या रेंजच्या मधोमध यावं. अगदी खालच्या टोकाला आलं तर कान दाबायला जागाच उरत नाही.

बूट कशाचा आहे तेही पाहा. मऊ, लवचिक रबर म्हणजे बहुधा निओप्रीन. बोटाने दाबल्यावर कडक, प्लास्टिकसारखा लागला तर तो थर्मोप्लास्टिकचा. कडक बुटाला जास्त ताण लागतो, त्याला केबल टाय किंवा हलका पट्टा बिलकुल पुरत नाही. मऊ रबराला उलट, अति आवळलं तर पट्टीची धार कड कापते.

बसवण्याची पद्धत

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक. गाडी उचलल्यावर तिच्याखाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. विटा, सिमेंटचे ब्लॉक हे स्टँड नव्हेत, ते भार आल्यावर न सांगता फुटतात. शेजारी कुणी घरातलं माणूस असू द्या.

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा म्हणजे शाफ्ट हाताने फिरेल. स्टिअरिंगचं लॉक उघडं हवं. बाहेरच्या बुटाकडे नीट हात पोचावा म्हणून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून साफसफाई करा, पण क्लॅम्प आवळायच्या वेळी चाक पुन्हा सरळ आणा. वाकलेल्या जॉइंटवर बूट एका बाजूने ताणलेला असतो. त्या अवस्थेत आवळला तर तो सरळ झाल्यावर पिळलेलाच राहतो.

जुना क्लॅम्प कटरने कापा. कापताना पातीचं टोक रबराकडे नको. कान असेल तर कानच कापावा, तिथे पट्टी रबरापासून उचललेली असते. बुटाची कड थोडी सोडवून मागे सरकवा आणि खालची जागा बघा. शाफ्टवर आणि जॉइंटच्या घरावर गोल खाच असते, बुटाच्या आतली उभट कड बरोबर तिच्यात बसायची असते. क्लॅम्प सरकलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा कड या खाचेतून बाहेर येऊन पुढे-मागे बसलेली सापडते.

ही जागा आणि कडेची आतली बाजू कोरडी ठणठणीत करा. सगळ्या कामातला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि क्लॅम्प टिकणार की नाही ते इथेच ठरतं. कडेखाली ग्रीसचा पातळ थर जरी राहिला तरी रबर त्यावरून घसरतं, मग क्लॅम्प कितीही घट्ट असो. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा पुसण्यात घाई केली, क्लॅम्प मात्र भरपूर आवळला. पंधरा दिवसांत लहान तोंड शाफ्टवर बोटभर सरकलं होतं. स्वच्छ सुती फडकं दोन-तीनदा बदला, शेवटी फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पेट्रोल आणि रॉकेल नको. रबर फुगतं, आणि बंद पार्किंगमध्ये पेट्रोलच्या वाफा हा वेगळाच धोका.

ग्रीस कमी झालं असेल तर थोडं भरा. लहान गाडीच्या एका जॉइंटमध्ये साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास ग्रीस असतं, तेव्हा शिंतोड्यांवरून अंदाज घ्या. भरायचं ते सीव्ही जॉइंटसाठीचं मॉलि ग्रीस, चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस काही गाड्यांत वेगळं असतं, पाकिटावर बघा. ठासून भरू नका. बुटाला घडी घालायला जागा हवी.

आता मोठं तोंड खाचेत बसवा, बोट फिरवून सगळीकडे सारखं बसलंय का पाहा. क्लॅम्प गुंडाळा, हूक शक्य तितक्या आतल्या भोकात अडकवा, आणि कान असा ठेवा की पक्कड सरळ पोचेल. कान दाबायला क्लॅम्पची पक्कड मिळते. ती नसेल तर सुतार खिळे उपटायला वापरतात ती गोल तोंडाची पक्कड चालते, फक्त तिची धार बोथट हवी. साइड कटरने दाबू नका, कान दाबला जाण्याऐवजी कापला जातो. एकदम जोर न लावता दोन-तीन टप्प्यांत दाबा. कानाचे दोन्ही पाय तळाशी जवळजवळ एकमेकांना टेकले की झालं. किती फट राहावी हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, ते मिळालं तर त्याप्रमाणे करा. पाय टेकूनही क्लॅम्प सैलच असेल तर माप चुकलंय, दुसरा आणा.

लहान तोंड आवळायच्या आधी एक काम उरतं: हवा काढणं. बोथट, गुळगुळीत टोकाचा स्क्रू ड्रायव्हर कडेखाली हलकेच घाला आणि बूट त्याच्या नैसर्गिक आकारात येऊ द्या. 'फुस्स' असा आवाज येईल. घड्या सारख्या दिसायला हव्यात, फुगलेल्या नकोत आणि आत ओढलेल्याही नकोत. हे विसरलं तर कोंडलेली हवा गरम होऊन कड उचलते, किंवा आत ओढलेली घडी शाफ्टवर घासून फाटते.

आतल्या, गिअरबॉक्सकडच्या बुटाला इथे जास्त काळजी. गाडी उचललेली असताना चाक पूर्ण खाली लोंबकळतं, त्यामुळे आतला जॉइंट नेहमीच्या जागी नसतो. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लावून सस्पेन्शन गाडी उभी असते त्या उंचीपर्यंत उचला, आणि त्या स्थितीत हवा काढून लहान क्लॅम्प आवळा. हे करताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

झाल्यावर बुटाची कड हाताने पिळून पाहा. क्लॅम्प आणि कड एकत्र घट्ट राहायला हवी, फिरता कामा नये. मग शाफ्ट पूर्ण एक फेरी फिरवा: चाक सरळ असताना, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे असताना, पूर्ण उजवीकडे असताना. कान नकलला, स्ट्रटला किंवा वायरला कुठेच लागू नये. बोटभर जागा नसली तरी चालेल, पण दोन-तीन मिलिमीटर मोकळी दिसायलाच हवी.

केबल टायचं काय?

प्रवासात क्लॅम्प तुटला, आणि समोर घाट आहे. अशा वेळी जाड नायलॉनचे दोन केबल टाय, त्यांची डोकी एकमेकांच्या विरुद्ध बाजूला ठेवून, घरी पोचेपर्यंत काम देतात. त्यापुढे नाही. नायलॉन उष्णतेने आणि सततच्या ताणाने हळूहळू लांबतं, आणि त्याला पुन्हा आवळता येत नाही. कडक थर्मोप्लास्टिक बुटावर तर ते पहिल्यापासूनच नावापुरतं. टाय लावून 'चाललंय की' म्हणत एखादा पावसाळा काढणारे मी पाहिलेत, त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात अख्खा अ‍ॅक्सल घेतला.

क्लॅम्प बसवून झाला की रिम आणि आसपासचे जुने शिंतोडे पूर्ण पुसून टाका. ब्रेक डिस्कवर किंवा पॅडवर ग्रीस गेलं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा, आणि पॅड ग्रीसने भिजला असेल तर तो बदला. चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. वीस-तीस किलोमीटर चालवून आल्यावर नट पुन्हा तपासा आणि स्टिअरिंग वळवून बुटाच्या दोन्ही कडा टॉर्चने बघा. त्यानंतर आठवड्याने एकदा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा. पुसलेल्या रिमवर नवा काळा ठिपका दिसला, तर क्लॅम्प घट्ट आहे की नाही हे तपासत बसण्याआधी बुटाची प्रत्येक घडी पुन्हा उघडून बघा. पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली भेग तिथेच सापडते.